घरी फुंकलेले आकडे किती मनावर घ्यावेत? (सिस्टिक फायब्रोसिस आणि फुप्फुसांची देखरेख)

चाफा (पुणे)

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती चार वर्षांची असताना, तीनदा न्यूमोनिया होऊन गेल्यावर, कोणीतरी शहाण्या डॉक्टरांनी तिच्या घामाची तपासणी करून घेतली आणि क्लोराइड ९४ आले. ६० किंवा त्याहून जास्त आले की सिस्टिक फायब्रोसिस (कफ आणि पचनरस चिकट करणारा जन्मजात आजार), हे इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रुग्णालयात जाणे, रोज दोन वेळा नेब्युलायझर, छातीचा व्यायाम, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल हे सगळे अंगवळणी पडले आहे.

वर्षभरापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही मोबाइलला जोडायचा छोटा स्पायरोमीटर घेतला. दर रविवारी ती फुंकते आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली (एफईव्ही-१) ते मी वहीत लिहून ठेवते. गेल्या सहा रविवारचे आकडे लिटरमध्ये असे आहेत: १.४२, १.३८, १.४५, १.२९, १.४०, १.३३. ज्या दिवशी १.२९ आले त्या रात्री मी झोपले नाही. सोमवारी तिची शाळा बुडवून आणि माझी रजा टाकून रुग्णालयात गेलो, तर तिथल्या यंत्रावर १.४४ आले. तंत्रज्ञ बाई हसून म्हणाल्या, "उत्तम आहे की!"

यजमानांचे मत आहे की ते यंत्र माळ्यावर टाकावे. माझा प्रश्न असा की, दर आठवड्याला मोजण्याने खरोखर काही कळते का, आणि कोणत्या आकड्याला घाबरायचे व कोणत्या नाही, हे तुम्ही कसे ठरवता?

शतपावली

आमच्याकडे भाच्याला हाच आजार आहे. आम्ही फक्त बोटाला लावायचे ऑक्सिमीटर वापरतो. कोविडच्या वेळी घेतलेले होतेच. ९८ दाखवते, म्हणजे फुप्फुसे ठीक आहेत असे समजतो. एवढे पुरेसे नाही का?

फुंकर (बर्मिंगहॅम)

मी श्वसन प्रयोगशाळेत काम करते. लोकांना फुंकायला लावणे हीच माझी नोकरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शतपावली यांना. ऑक्सिमीटर टाकून देऊ नका, पण त्यावर विसंबूही नका. या आजारात चिकट कफाने आधी लहान श्वासनलिका तुंबतात, आणि उरलेले फुप्फुस बराच काळ रक्तातला ऑक्सिजन सांभाळून घेते. ९८ चा आकडा पडेपर्यंत आजार पुष्कळ पुढे गेलेला असू शकतो. दम्यासाठी मिळणाऱ्या पीक फ्लोच्या नळीचेही तसेच आहे. ती मुख्यतः मोठ्या नलिकांविषयी आणि फुंकणाऱ्याच्या जोराविषयी सांगते.

आता चाफाताईंचे आकडे. प्रयोगशाळेत आम्ही किमान तीन चांगल्या फुंका घेतो आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन फुंकांमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसेल, तरच चाचणी ग्राह्य धरतो. म्हणजे एकाच खुर्चीवर, एकाच तासात, समोर मी ओरडत असतानाही १५० मिलिलिटर इकडे-तिकडे होणे मान्य आहे. चार लिटर फुंकणाऱ्या पुरुषाला हा फरक किरकोळ. पण तुमच्या लेकीच्या १.४ लिटरमध्ये १५० मिलिलिटर म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त होतात, आणि गंमत अशी की आधीच्या पातळीपासून दहा टक्के घसरण ही अनेक ठिकाणी उपचार सुरू करण्याची खूण मानली जाते. लहान मुलांच्या बाबतीत यंत्राचा गोंगाट आणि धोक्याची घंटा यांचा आवाज जवळजवळ सारखाच असतो. १.४२ वरून १.२९ हा एकटा आकडा मी तरी जमेस धरलाच नसता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुंकायला सांगितले असते.

आणखी एक. घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा थोडे कमीच येतात, हे आमच्याकडे नेहमी दिसते. घरी ओरडणारे कोणी नसते. म्हणून घरच्याची तुलना घरच्याशीच करावी.

पाचवा मजला

अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या मुलाचा पहिला अहवाल आला (त्यात वय-उंचीप्रमाणे अपेक्षित एफईव्ही-१ च्या किती टक्के फुंकले ते असते) तेव्हा आजीने विचारले, "किती मिळाले?" मी म्हटले, "८८ टक्के." त्यावर ती म्हणाली, "बरे आहेत, पण पुढच्या वेळी नव्वदच्या पुढे जायला हवेत." आमच्या घरात स्पायरोमेट्रीचा बोर्डाच्या परीक्षेसारखा निकाल लागतो. पोरगा आता फुंकण्याआधी देवाला नमस्कार करतो.

मीठभाकर (लेस्टर)

पाचवा मजला, तुमच्या आजी आणि माझी आई यांची ओळख करून द्यायला हवी.

मी चौतीस वर्षांची आहे आणि हा आजार मला स्वतःला आहे. ठाण्यात असताना क्षयाची औषधे दोनदा घेऊन झाली, कफात क्षयाचे जंतू एकदाही सापडले नव्हते तरी. बाराव्या वर्षी इकडे आल्यावर घामाची तपासणी झाली. आई म्हणायची की माझ्या कपाळाची पापी घेतली की मीठ लागते. युरोपातल्या जुन्या लोकसमजुतीत अशी खारट कपाळाची बाळे जगत नाहीत असे म्हणत, हे मला नंतर कळले, आणि इथले टोपणनाव तिथून आले आहे.

एफईव्ही-१ ला मी मान देते, पण माझी खरी मोजपट्टी हसणे आहे. विनोदावर हसताना खोकल्याची उबळ आली की चार-पाच दिवसांत आकडा खाली येणार हे मला ठाऊक असते. वर्षानुवर्षे असेच होत आले. छातीत ओले फडके ठेवल्यासारखे वाटणे, रात्री एका कुशीवर झोपता न येणे, सकाळचा बेडका पिवळ्याचा हिरवट होणे, भूक मरणे, या गोष्टी मी तारखेसह लिहीत असे. माझ्या वहीतले शब्द आणि यंत्राचे आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावरच डॉक्टरांना चित्र दिसे.

'असे' म्हणते आहे, कारण २०२० मध्ये मला तीन औषधे एकत्र असलेली नवी गोळी सुरू झाली (माझ्या दोन जनुकीय बदलांपैकी एक एफ५०८डेल आहे, ही गोळी त्याच बदलावर चालते). २०१९ च्या चाचण्यांत तिने एफईव्ही-१ सरासरी सुमारे १४ टक्के-गुणांनी वाढले होते, माझे ६१ वरून ७४ झाले. भारतातल्या बहुतेक घरांच्या ती आवाक्याबाहेर आहे, याची मला जाणीव आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण देखरेखीच्या दृष्टीने एक विचित्र अडचण झाली. पूर्वी रोज सकाळी अर्धा कप बेडका पडे, आता थेंब पडत नाही. मग जंतू तपासायचे कशात? ते फुप्फुसातून गेलेले नसतात, बऱ्याच जणांत स्युडोमोनास नावाचा चिवट जंतू तसाच मुक्कामाला असतो. म्हणून आता मला तीव्र खारे पाणी वाफेतून देऊन मुद्दाम खोकायला लावतात.

बाबा नागपूरकर

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला फुंकायला सांगितले तर तो नळी चावतो. इथे सगळे एफईव्ही-१ वर बोलत आहेत, पण आमच्यासारख्यांनी काय मोजायचे? कफ तो गिळून टाकतो. डॉक्टर घशात बोळा फिरवून तो तपासायला पाठवतात. बोळ्यात काही सापडत नाही, म्हणून निश्चिंत राहावे का?

फुंकर (बर्मिंगहॅम)

नळी चावणे हा त्या वयाचा हक्क आहे. विश्वासार्ह स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांनंतरच होते.

त्याआधीच्या मुलांसाठी एक वेगळी चाचणी आहे, पण ती मोजक्याच केंद्रांत होते. मूल कार्टून पाहत शांतपणे शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेते आणि फुप्फुसातला नायट्रोजन हळूहळू धुऊन निघतो. तो सुरुवातीच्या चाळिसाव्या हिश्शावर येईपर्यंत, फुप्फुसात मुळात जेवढी हवा होती तिच्या किती पट हवा खेळवावी लागली, तो आकडा म्हणजे लंग क्लिअरन्स इंडेक्स. निरोगी फुप्फुस सहा-सात पटींत मोकळे होते. कुठे कफाने कोपरे तुंबले असतील तर तिथला नायट्रोजन निघता निघत नाही आणि आकडा वाढतो. वाडा झाडताना अंगण दोन मिनिटांत होते, वेळ लागतो तो माजघराच्या कोपऱ्यांना, तसे. एफईव्ही-१ अगदी उत्तम असतानाही हा आकडा बिघडलेला सापडतो, म्हणून सुरुवातीचा आजार पकडायला तो जास्त तीक्ष्ण आहे.

बोळ्याबद्दल: तो घसा तपासतो, फुप्फुस नव्हे. त्यात जंतू सापडला तर गांभीर्याने घ्यावे, पण न सापडल्याने खालची फुप्फुसे स्वच्छ आहेत असे सिद्ध होत नाही. खाऱ्या पाण्याची वाफ देऊन कफ सुटा करून घेणे लहान मुलांतही जमते. कार्डिफच्या मुलांच्या रुग्णालयात झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच विषयावरचा आहे. तुमच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना जरूर विचारा.

कोरा कागद

सर्वांचा मान राखून मी विरोधी मत मांडतो. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. पाच वर्षे आम्ही घरी मोजत होतो आणि दोन वर्षांपूर्वी थांबलो. त्याचे कारण भावनिक आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आधी पुरावा सांगतो. अमेरिकेत १४ केंद्रांवर २६७ किशोरवयीन व प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांनी घरी स्पायरोमीटर आणि लक्षणांची नोंद वापरली, अर्धे नेहमीप्रमाणे दवाखान्यात जात राहिले. घरी मोजणाऱ्यांची आजार उसळण्याची प्रकरणे जास्त सापडली आणि लवकर सापडली, पण ५२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या एफईव्ही-१ मधली घसरण सारखीच निघाली. म्हणजे मोजणे वाढले, फुप्फुसे तिथेच राहिली.

ऑस्ट्रेलियात तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात दुर्बीण घालून, धुवण घेऊन, त्यावरून उपचार ठरवण्याचा प्रयोग झाला. २०११ मध्ये त्याचा निकाल आला, तेव्हा पाचव्या वर्षी त्या मुलांत आणि इतरांत फरक दिसला नाही. जास्त मोजले म्हणजे जास्त बरे होते, हा आपला भाबडा समज आहे.

आणि आता भावनिक कारण. एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, आज माझा आकडा चांगला आला नाही तर तुम्ही दिवसभर बोलणार नाही ना माझ्याशी?" मी त्याच दिवशी यंत्र बंद केले. चाफाताई, तुमच्या यजमानांचे ऐका.

मीठभाकर (लेस्टर)

कोरा कागद, तुमच्या मुलाचे वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. माझ्या बाबांना मी ते कधी विचारले नाही, विचारायला हवे होते.

तरीही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तो अभ्यास अशा लोकांवर होता ज्यांचे केंद्र दर तीन महिन्यांनी बोलावते आणि फोन उचलते. ज्यांना दवाखान्यात पोहोचायला रात्रीची गाडी पकडावी लागते, त्यांच्यासाठी घरचा आकडा हे फोनवर बोलायचे निमित्त असते. शिवाय आमचे एक दुखणे तुम्हाला माहीत असेलच: या आजाराच्या दोन रुग्णांनी एका खोलीत बसायचे नाही, कारण बुर्खोल्डेरियासारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. माझ्या केंद्रात प्रतीक्षालयच नाही, बोलावेपर्यंत आम्ही आपापल्या मोटारीत बसतो. दवाखान्याची प्रत्येक टळलेली फेरी ही संसर्गाची टळलेली संधीही असते. हाच आजार असलेली एक मैत्रीण मला अकरा वर्षे आहे, आणि तिला मी काचेपलीकडूनच पाहिले आहे.

कोरा कागद

फेऱ्या टाळण्याचा मुद्दा मान्य. पण तो मोजण्याच्या बाजूचा आहे, दर रविवारच्या बाजूचा नव्हे. महिन्यातून एकदा मोजूनही फोन करता येतो.

निर्झर (नाशिक)

मी छातीची फिजिओथेरपी करते. दोन्ही बाजू वाचल्या. माझे अनुभव साधे आहेत.

बऱ्याच घरी आकडा चुकतो तो फुंकण्याच्या पद्धतीत. मूल खुर्चीच्या कडेवर वाकून बसते, पूर्ण श्वास भरत नाही, ओठांच्या कोपऱ्यातून हवा गळते. एका घरी मुलगी गालात हवा धरून मग सोडत असे, कारण तिला वाढदिवसाचे फुगे आठवत. दुसरे, वेळ ठरलेली हवी. कफ काढण्याच्या व्यायामानंतरचा आकडा आणि सकाळी उठल्या उठल्या घेतलेला आकडा यांत सहज फरक पडतो. एका आठवड्यात असा आणि दुसऱ्यात तसा घेतला तर वहीला अर्थ राहत नाही. तिसरे, नळी रोजच्या रोज धुऊन पूर्ण वाळवावी. ओल्या नळीत काय वाढते ते या आजारात सांगायला नको.

आणि एक प्रश्न, चाफाताई. मोबाइलमध्ये मुलीची उंची किती भरली आहे, आणि ती शेवटची कधी बदलली?

चाफा (पुणे)

उंची? यंत्र घेतले तेव्हा भरली होती, १२६ सेंटिमीटर. मोबाइलवर ९१-९२ टक्के येतात आणि हिरवा रंग दिसतो, म्हणून मी टक्क्यांकडे कधी लक्षच दिले नाही, लिटरच पाहत होते. आत्ता दाराला टेकवून मोजली. १३१ आहे.

फुंकर (बर्मिंगहॅम)

निर्झर यांनी नेमके बोट ठेवले.

चाफाताई, न घाबरता वाचा. अपेक्षित एफईव्ही-१ काढण्याच्या सूत्रात उंचीचा वाटा सर्वांत मोठा असतो. मोबाइल अजून तिला १२६ सेंटिमीटरची मुलगी समजून टक्के काढतो आहे, म्हणून ते फुगलेले दिसतात. उंची दुरुस्त करा आणि रुग्णालयाच्या फाईलमधले वर्षभराचे अहवाल शेजारी ठेवून पाहा. तिथे दर वेळी उंची मोजतात. फक्त एक तपासा, सूत्र कोणते वापरले आहे ते दोन्हीकडे पाहा. २०१२ च्या सूत्रात वंशाप्रमाणे वेगवेगळी अपेक्षा धरली आहे आणि भारतीय मुले त्यात नीट बसत नाहीत, २०२२ मध्ये वंशनिरपेक्ष सूत्र आले. यंत्रे वेगळी सूत्रे वापरत असतील, तर तेच फुप्फुस दोन वेगळे टक्के देते.

मला काळजी १.२९ ची नाही. पाच सेंटिमीटर उंची वाढलेल्या मुलीचे लिटर वाढायला हवे होते. वर्षापूर्वीच्या पानावर काय आहे?

चाफा (पुणे)

वहीचे पहिले पान काढले. १.४१, १.४४, १.३९.

फाईलही काढली. चार अहवाल आहेत, सूत्र चारही वेळा तेच आहे. ९२, ९०, ८७, ८४. प्रत्येक वेळी दोन-तीनच कमी, आणि प्रत्येक वेळी आम्हाला "ठीक आहे" असे सांगितले गेले. परवाचे १.४४, ज्याला "उत्तम" म्हटले गेले, ते हेच ८४. मी सहा रविवार वर-खाली होणाऱ्या आकड्यांना घाबरत होते, आणि जो आकडा हललाच नाही त्याकडे कोणीच पाहिले नाही. मीही नाही.

पाचवा मजला

आमच्या मुलाचीही उंची आत्ता तपासली. दीड वर्षापूर्वीची निघाली. निर्झरताई, तुमचे आभार कसे मानू? आजीला काही सांगितलेले नाही.

कोरा कागद

चाफाताई, माझा सल्ला मी मागे घेत नाही, पण त्यात दुरुस्ती करतो. यंत्र माळ्यावर टाकू नका. हे जे आता सापडले, ते तुमच्या वहीच्या वर्षभराच्या पानांमुळे सापडले. कोणत्याही एका रविवारी ते दिसले नसते. मुलीसमोर मात्र वही उघडू नका.

बाबा नागपूरकर

एक विचारतो. इतके दिवस हळूहळू घसरत असेल तर सीटी स्कॅन करून घ्यावा का? आमच्याकडे एकाने सुचवले आहे.

फुंकर (बर्मिंगहॅम)

ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. सीटीमध्ये श्वासनलिकांची झीज स्पायरोमेट्रीच्या कितीतरी आधी दिसते. ऑस्ट्रेलियात नवजात तपासणीतून सापडलेल्या बाळांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, वरवर ठणठणीत असलेल्या मुलांतही तिसऱ्या वर्षापर्यंत ती झीज सर्रास सापडते. भारतात या आजाराची सरसकट नवजात तपासणी नसल्याने आपल्याकडची मुले हाती लागतात तीच उशिरा. पण किरणांचा हिशेब आयुष्यभराचा असतो, म्हणून दर वेळी सीटी करत नाहीत. कफाची तपासणी दर तीन महिन्यांनी, आणि बुरशीच्या ॲलर्जीसाठी रक्तातले आयजीई वर्षातून एकदा, हे मात्र चुकवू नये. चाफाताईंच्या जागी मी आधी कफ मागितला असता.

चाफा (पुणे)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

डॉक्टरांना वही आणि फाईल दोन्ही दाखवली. त्यांनी स्वतः कागदावर रेघ काढली आणि थोडा वेळ गप्प राहिले. बोळ्याऐवजी खाऱ्या पाण्याची वाफ देऊन कफ घेतला. पहिली वीस मिनिटे काहीच पडेना, मग फिजिओथेरपिस्टनी तिला हसवले, आणि हसता हसता चमचाभर पडला (मीठभाकर, तुमची आठवण आली). अहवालात स्युडोमोनास आला. आधीच्या चारही बोळ्यांत तो नव्हता. अठ्ठावीस दिवसांचे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक नेब्युलायझरमधून सुरू झाले आहे, आज अकरावा दिवस आहे. संपल्यावर पुन्हा कफ तपासायचा आहे.

घरी आम्ही दोन नियम केले. आता महिन्यातून दोनदा, शाळा नसलेल्या दिवशी, सकाळच्या व्यायामाआधी मोजतो. आकडा कमी आला तर सलग दोन दिवस पुन्हा फुंकायचे आणि मगच फोन करायचा. वही यजमानांनी आपल्याकडे घेतली आहे, यंत्र माळ्यावर टाका म्हणणारे तेच.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा सुरू केल्या आहेत. दुसरी खूण लेकीने काल माझ्या नकळत स्वतःच केली, टाचा उचलून. ती खोडून पुन्हा मोजावी लागली.